मुलगी भीतीनं देवापाशी बसते: तिला बसू द्यायचं की उठवायचं?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही सोलापूरच्या जुन्या गावभागात राहता. दोन महिन्यांपूर्वी गल्लीच्या तोंडाशी दगडफेक झाली. पुढचे तीन दिवस जमावबंदी, शाळा बंद, नेट बंद. मिस्टर त्या रात्री यंत्रमागावर रात्रपाळीला होते, तिथंच अडकले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आले. तेव्हापासून तुमची ९ वर्षांची मुलगी रोज संध्याकाळी देवघरासमोर बसते, मारुतीचं स्तोत्र ११ वेळा म्हणते, मध्ये कुणी बोललं किंवा एखादा शब्द चुकला की पुन्हा पहिल्यापासून. दिवसातून दहादा विचारते, "देव आपल्याला वाचवेल ना?" समोरच्या घरातल्या मुसलमान मैत्रिणीकडे जाणं तिनं बंद केलंय. आणि परवा तिनं सांगितलं की बाबा सुखरूप यावेत म्हणून तिनं अनवाणी तुळजापूरला चालत जायचा नवस बोललाय. सासूबाई म्हणतात, लेकरू भक्तीला लागलंय, चांगलंच आहे. मिस्टर म्हणतात, हे थांबव. कोण बरोबर, आणि तिला तुळजापूरला न्यायचं की नाही, असं तुम्ही विचारलंय.

घरात वाद देवावरून चाललाय, पण तुमच्या लेकीची अडचण देव नाही. त्या रात्री काय झालं ते तिच्या बाजूनं बघा. बाबा घरी नव्हते, बाहेर आरडाओरडा होता, मोठी माणसं फोन लावत होती आणि फोन लागत नव्हता. ती देवापाशी बसली, आणि दुसऱ्या दिवशी बाबा आले. या दोन गोष्टींची तिच्या मनात गाठ बसली: मी म्हटलं म्हणून बाबा आले. मग उद्या नाही म्हटलं तर? किंवा म्हणताना चूक झाली तर? घराचा पहारा त्या रात्रीपासून तिनं स्वतःकडे घेतलाय, आणि तो खाली ठेवायची तिला परवानगी मिळालेली नाही. उपाय करायचा तो या पहाऱ्यावर. देवघर तिच्याकडून काढून घ्यायचं कारण नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगते. तिनं दगडफेक डोळ्यांनी पाहिली का? ओळखीचं कुणी जखमी झालं का? तुमच्या भागात अजून तणाव आहे का? ती आधीपासूनच हात सारखे धुणारी, दप्तर चारदा तपासणारी होती का? घरात कुणाला असा मंत्रचळ, म्हणजे तेच तेच करत राहण्याचा आजार, आहे का? यातल्या पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर 'हो' असेल तर खाली सांगितलेलं सगळं सावकाश करायचं. शेवटच्या दोन्हींचं 'हो' असेल तर घरचे उपाय करता करता डॉक्टरांनाही दाखवायचं. तणाव अजून चालू असेल तर भीती घालवणं हे उद्दिष्टच ठेवू नका, कारण ती भीती खरी आहे. तेव्हा तिची झोप, जेवण आणि शाळा एवढं सांभाळलं तरी पुष्कळ.

मुलांना राजकारण कसं कळतं

मोठ्यांना अशा दिवसांत बातमी कळते. मुलांना आवाज कळतात, आणि आवाज बंद झालेलेही कळतात. एकापाठोपाठ एक शटर पडत गेल्याचा आवाज, पोलिसांच्या गाडीवरचा भोंगा, जिन्यात कुजबुजणारी माणसं. यंत्रमागाच्या वस्तीत वाढलेलं मूल खटखट ऐकत झोपतं. बंदच्या रात्री माग थांबतात तेव्हा ती शांतताच त्याला झोपू देत नाही, आणि का झोप येत नाही हे त्याला सांगता येत नाही. विडी वळणाऱ्या बाईच्या घरात कारखाना बंद म्हणजे पान-तंबाखू मिळणार नाही, हजार विड्यांमागे मिळणारी मजुरी बुडणार. मुलाला हिशेब कळत नाही, पण आईनं दुधाची पिशवी अर्ध्या लिटरची आणली हे बरोबर कळतं. नेट बंद झालं की मोठी माणसं अफवांवर बोलायला लागतात, आणि मुलं नेमकी तेव्हा कोपऱ्यात गप्प बसून सगळं ऐकत असतात.

हे आपल्या शहराला नवीन नाही. मे १९३० मध्ये इथं गोळीबार झाला, मग मार्शल लॉ लागला. १९४८ मध्ये रझाकारांच्या काळात निजामाच्या हद्दीतून कुटुंबंच्या कुटुंबं आपल्या जिल्ह्यात आली, आणि १३ सप्टेंबरला सोलापूर-हैदराबाद रस्त्यानं भारतीय फौज नळदुर्गकडे गेली. तेव्हाची मुलं आज ऐंशीच्या पुढची आहेत. तुमच्या घरात किंवा नात्यात असं कुणी असेल तर त्यांचा उपयोग कसा करून घ्यायचा ते पुढे सांगते.

वयाप्रमाणे समज बदलते. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटतं की आपल्या मनात आलं म्हणून घडलं. भावावर रागावलो आणि त्याच दिवशी दंगल झाली, म्हणजे माझ्यामुळेच. सात ते अकरा या वयात नियम आणि हिशेब येतात: चांगलं वागलं की बक्षीस, चुकलं की शिक्षा. घडलेलं वाईट ही कुठल्यातरी चुकीची शिक्षाच असणार, असं लहान मुलं धरून चालतात, हे स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी १९३२ मध्येच दाखवलं होतं. तुमची मुलगी नेमकी या टप्प्यावर आहे. म्हणून तिचा देव सध्या हिशेबनीस झालाय, आणि म्हणून ११ चा आकडा आणि उच्चार तिला इतका महत्त्वाचा वाटतो. बारा-तेराच्या पुढे प्रश्न बदलतो. 'देवानं हे होऊ कसं दिलं?' असं मूल विचारतं, कधी रागानं देवघरात पाऊल टाकायचं बंद करतं. हा राग ऐकून घ्यायचा, दटावून दाबायचा नाही. याच वयातली काही मुलं उलट जोरात झेंडा, घोषणा, मिरवणूक यांत शिरतात. त्यात श्रद्धेपेक्षा 'मी कुणाचा' हे शोधणं जास्त असतं, आणि त्याला लागणारं उत्तर वेगळं आहे. भंडाऱ्यात वाढपी म्हणून, पालखीत पाणी वाटायला, अशी घामाची कामं त्यांना द्या. त्याबद्दल कधीतरी स्वतंत्र लिहीन.

देवापाशी बसल्यानं काय मिळतं

मिस्टरांना हे समजावून सांगा, कारण बहुतेक बाबा इथं घाईनं 'अंधश्रद्धा' म्हणून मोकळे होतात. घाबरलेल्या मुलाला तीन गोष्टी लागतात: कालच्यासारखं आज काहीतरी, शरीर शांत करणारी लय, आणि आपल्यापेक्षा मोठं कुणीतरी जवळ असल्याची भावना. सांजवात रोज त्याच वेळी लागते. स्तोत्राला ठेका असतो, म्हणताना श्वास आपोआप लांब सुटतो आणि छातीतली धडधड कमी होते. हात जोडून बसलं की हातांना काम मिळतं. मुसलमान घरात झोपताना आईबरोबर म्हटलेली दुआ, बौद्ध घरात त्रिसरण-पंचशील, हे सगळं मुलाच्या शरीरात एकाच तऱ्हेनं काम करतं. श्रद्धेचा आधार माणसं संकटात दोन तऱ्हेनं घेतात, असं पर्गामेंट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या अभ्यासातून पुढे आलं. 'देव माझ्या सोबत आहे' ही एक तऱ्हा माणसाला सावरते. 'देव मला शिक्षा करतोय, त्यानं मला टाकलंय' ही दुसरी तऱ्हा ताण वाढवते. मुलांच्या बाबतीत मला हाच फरक सगळ्यात उपयोगी पडतो.

तेव्हा मोजमाप कसं करायचं? मूल देवापाशी किती वेळ बसतं यापेक्षा ते उठल्यावर काय करतं ते बघा. प्रार्थना आधार देत असेल तर मूल उठतं, प्रसाद तोंडात टाकतं आणि खेळायला पळतं. एखाद्या दिवशी पाहुणे आले, राहून गेलं, तर कुरकुरत का होईना, चालवून घेतं. प्रार्थना ओझं झाली असेल तर उठल्यावर चेहरा तसाच ओढलेला राहतो, हायसं वाटलं तरी पाच-दहा मिनिटांत तोच प्रश्न परत येतो, आकडा हळूहळू वाढत जातो, चूक झाली की सुरुवातीपासून म्हणावं लागतं, आणि कुणी थांबवलं तर रडू किंवा संताप. तुमच्या वर्णनात यातलं बरंच आहे. एक आठवडा कॅलेंडरवर रोज तीनच नोंदी करा: किती मिनिटं बसली, किती वेळा पहिल्यापासून सुरू केलं, आणि उठल्यावर अर्ध्या तासात खेळली का. तिच्यासमोर लिहू नका. या नोंदीवरून तुम्हालाही कळेल की गोष्ट सुटतेय का घट्ट होतेय, आणि डॉक्टरकडे जायची वेळ आली तर हाच कागद सगळ्यात कामाचा ठरेल.

आता काय करायचं

पहिलं बोलणं दिवसा करा, रात्री झोपताना नको. १०-१५ मिनिटं पुरतात. समोरासमोर बसवून विचारलं तर मुलं बोलत नाहीत, म्हणून भाजी निवडताना किंवा कपड्यांच्या घड्या घालताना विचारा. पहिला प्रश्न 'तुला भीती वाटते का' असा नको. 'त्या रात्री तुला काय काय ऐकू आलं?' असं विचारा. ती सांगेल त्यात चुकीचं पुष्कळ असेल. मधे दुरुस्ती करू नका, पूर्ण सांगू द्या. मग खरं काय ते तीन वाक्यांत सांगा: काही लोक भांडले, पोलिसांनी थांबवलं, बाबांना कामावरच थांबायला सांगितलं होतं आणि ते तिथं आत सुरक्षित होते. हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. बाबा त्या रात्री कुठं बसले होते, काय खाल्लं, कुणाबरोबर होते, हे बाबांनी स्वतः तिला सांगायला हवं. तिच्या मनातली ती रात्र अजून रिकामी आहे आणि ती जागा तिनं स्वतःच्या कल्पनेनं भरलीय. बाबांनी डब्यातली भाकरी दोघांत वाटून खाल्ली, पोत्यावर झोप काढली, एवढं कळलं तरी चित्र बदलतं.

शब्दही समजावून सांगा. जमावबंदी म्हणजे पाच किंवा जास्त लोकांनी एकत्र जमायचं नाही, संचारबंदी म्हणजे बाहेरच पडायचं नाही. पूर्वी लोक 'कलम १४४' म्हणायचे, १ जुलै २०२४ पासून ते नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १६३ झालंय. हे एवढं कशाला, असं वाटेल. पण ज्या शब्दाचा अर्थ कळतो त्याची भीती निम्मी होते, आणि टीव्हीवर तो शब्द आला की ती तुमच्याकडे धावत येणं कमी होतं.

"देव आपल्याला वाचवेल ना?" या प्रश्नाला 'हो, नक्की' असं उत्तर देऊ नका. उद्या कुणाला काही झालं तर तुमचं वाक्यही खोटं पडेल आणि देवही. 'तसलं काही नसतं' हेही नको, तो तर तिच्या हातातली काठी काढून घेणं झालं. असं म्हणून बघा: "देवाजवळ बसलं की आपल्याला धीर येतो. घर सांभाळायचं काम मात्र माझं, बाबांचं आणि आजीचं आहे. तुझ्या वाट्याला ते काम नाही." दुसरं वाक्य रोज एकदा तरी तिच्या कानावर जाऊ द्या. हाच प्रश्न दिवसात पुन्हा आला की नवीन उत्तर द्यायचं नाही. "याचं उत्तर सकाळी दिलंय, आठवतं का तुला? सांग बरं," असं म्हणून तिच्याकडूनच काढून घ्यायचं. दर वेळी नव्यानं धीर दिला की धिराची भूक वाढते. पहिले चार-पाच दिवस ती जास्त विचारेल, चिडेल. तिथं ढिलं पडायचं नाही, रागवायचंही नाही.

आता स्तोत्र. एकदम बंद करू नका. बंद केलं की ती पांघरुणात, बाथरूममध्ये, मनातल्या मनात म्हणेल आणि मग तुम्हाला काही दिसणारच नाही. त्याऐवजी एकटीचं बसणं घरातल्यांबरोबरचं करा. दिवा लावायची वेळ ठरवा, आजी, तुम्ही आणि ती, तिघी बसा. ११ चा आकडा दर तीन-चार दिवसांनी दोनानं कमी करा: ९, ७, ५, ३, १. साधारण तीन आठवडे लागतील. कमी करायचं कारण तिला खरं सांगा: "तुझ्या मनाला कमी वेळात शांत व्हायला शिकवूया." दुसरी गोष्ट, चुकलं तरी पुढे जायचं. हे आजीनं दाखवलं तर सगळ्यात छान. आजीनं म्हणता म्हणता मुद्दाम एक शब्द चुकवावा, "चुकलं बाई, देवाला कळतं" म्हणावं आणि पुढचं कडवं धरावं. नातीच्या दृष्टीनं पूजा-पाठाचा अधिकार आजीकडे आहे, म्हणून तुम्ही दहा वेळा समजावलेलं जे काम करणार नाही ते आजीची ही एक चूक करेल. पुन्हा सुरू करायची ओढ आली तर तिला हात धरून बसवा आणि वाट बघा. ओढ लाटेसारखी चढते आणि तिला खाद्य दिलं नाही तर साधारण अर्ध्या तासात आपोआप ओसरते. पहिले दोन-तीन दिवस हा अर्धा तास कठीण जाईल.

शेवटाला ठरलेली कृती हवी: आरती, प्रसाद, आणि लगेच उठून हाताचं काम. तुळशीला पाणी, आजीच्या पाण्याचा तांब्या भरणं, काहीही. आपले ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांनी तळं खोदलं ही गोष्ट इथल्या प्रत्येक घरात माहीत आहे. प्रार्थनेला जोडून काम येतं हे तिला त्या गोष्टीतून सहज पटेल, आणि तळ्याकाठी उभं राहून सांगितलं तर आणखी सहज.

रात्रीसाठी वेगळा उपाय. दिवा मालवल्यावर भीती येते तेव्हा स्तोत्र नको, कारण त्याला पुन्हा मोजणी चिकटेल. चार आकडे मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, असं पाच मिनिटं. आकडा मोजायचं काम तुम्ही करा, तिनं फक्त श्वास घ्यायचा. विठ्ठलाचं नाव सोडत्या श्वासावर म्हटलं तरी चालेल. तिच्यासमोर बातम्या नकोत, गल्लीच्या ग्रुपवरचे व्हिडिओ तर अजिबात नकोत. लहान मुलाला तोच व्हिडिओ चार वेळा दिसला की त्याला वाटतं दंगल चार वेळा झाली.

इथवरचं थोडक्यात: बाबांनी त्या रात्रीचं सांगायचं, घर सांभाळायचं काम मोठ्यांकडे परत घ्यायचं, प्रार्थना सगळ्यांची करायची, तिला सुरुवात आणि शेवट द्यायचा, आकडा हळूहळू उतरवायचा.

नवस

मुलांचे नवस मोठी माणसं हसण्यावारी नेतात, आणि तिथंच फसतात. मुलाच्या दृष्टीनं तो करार असतो. न फेडलेला नवस रोज रात्री उशाशी येतो: फेडला नाही आणि बाबांना काही झालं तर? सोलापूर ते तुळजापूर साधारण ४५ किलोमीटर आहे. ९ वर्षांच्या मुलीनं अनवाणी चालणं शरीराला झेपणारं नाही, आणि 'राहू दे, देवी समजून घेईल' एवढ्यानं तिचं समाधान होणार नाही. आपल्याकडे यावर जुना मार्ग आहे: मोठ्या माणसानं लहानाचा नवस स्वतःकडे घ्यायचा. देवघरासमोर दिवा लावून, तिला शेजारी बसवून, सासूबाईंनी किंवा तुम्ही स्पष्ट शब्दांत म्हणा, "आई भवानी, हिनं बोललेला नवस आजपासून माझ्याकडे. ही मोकळी झाली." मग तो कसा फेडायचा, कधी फेडायचा हे मोठ्यांनी ठरवायचं. तिला विचारायचंही नाही. त्याच बैठकीत हेही सांगा की या घरात नवस फक्त मोठी माणसं बोलतात. भीतीपोटी तिनं उपवास किंवा खाणं सोडणं सुरू केलं असेल तर तेही असंच काढून घ्या. वाढत्या वयात जेवण तुटलं की झोप आणखी बिघडते, आणि झोप बिघडली की भीती वाढते.

गोष्टी सांगताना

पद्मशाली विणकरांच्या घरांतून मार्कंडेयाची गोष्ट मुलांना सांगतात, तुमच्या शेजारीही सांगत असतील. यम दारात आलाय आणि मुलगा महादेवाच्या पिंडीला मिठी मारून बसलाय. घाबरलेल्या मुलाला इतकी जवळची गोष्ट दुसरी नसेल. ती जरूर सांगा. पण मूल त्यातून काय उचलतं तिकडे लक्ष ठेवा. 'घट्ट धरलं म्हणून वाचला' असं त्याला वाटलं, तर पुढचा प्रश्न ठरलेला आहे: ज्याचं डोकं फुटलं त्यानं घट्ट धरलं नव्हतं का? म्हणून सांगताना जोर मिठीवर, जवळिकीवर द्या: तो एकटा नव्हता. कुणाला लागलं असेल तर वेगळं आणि स्पष्ट सांगा की ज्याला दगड लागला त्यानं काही चूक केली नव्हती, त्याची प्रार्थना कमी पडली नव्हती, दगड मारणाऱ्यानं चूक केली.

दुसरी गोष्ट आजी-आजोबांची. ज्यांनी लहानपणी असा काळ पाहिला त्यांनी मुलांना तीन भागांत सांगावं: काय झालं, तेव्हा मला काय वाटलं, मग आम्ही काय केलं. तिसरा भाग कधीही गाळू नका. भीतीवर संपणारी आठवण मुलाला आणखी घाबरवते. 'मग आम्ही शेजारच्या घरी झोपलो, आईनं पिठलं केलं, आठ दिवसांनी शाळा भरली' असा शेवट असला की मुलाला कळतं, असे दिवस येतात आणि जातात.

मैत्रीण

हे मला स्तोत्रापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. अकरा आवर्तनं महिन्याभरात कमी होतील. समोरचं दार एकदा मनात बंद झालं तर ते उघडायला फार वर्षं लागतात. ती 'त्यांचा देव वेगळा, ते मारतात' असं काही म्हणाली असेल तर दचकून ओरडू नका. हे वाक्य तिनं कुठंतरी ऐकलंय, बहुतेक घरातच. विचारा, "ते म्हणजे कोण? तुझी मैत्रीण का? तिची आई का?" मूल लगेच म्हणेल, नाही, त्या नाहीत. तिथंच थांबा. 'ते' हा शब्द मोडून नावं आली की काम झालं. चौथी-पाचवीच्या मुलीला हुतात्मा चौकातले चार पुतळे दाखवा आणि नावं वाचायला सांगा: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १९३० च्या त्याच प्रकरणात इंग्रजांनी १२ जानेवारी १९३१ ला चौघांना येरवड्यात फाशी दिली. नावं मोठ्यानं वाचली की पुरे, भाषण नको.

भेट घडवताना आधी दोन्ही आयांनी बोलून घ्या. त्यांची मुलगीही घाबरलेली असणार, आणि कदाचित तुमच्या घराला घाबरत असेल. पहिली भेट तासाभराची, मोठं कुणीतरी जवळ, आणि हाताला काम असलेली: रंगवणं, कागदाची फुलं, पीठ मळणं. 'मिठी मारा, सॉरी म्हणा' असलं काही करायला लावू नका. त्या घरच्यांनी इतक्यात नको म्हटलं तर मान ठेवा आणि दोन आठवड्यांनी परत विचारा.

कधी दाखवायचं

दोन महिने झालेत, म्हणून ही यादी आजच ताडून बघा. देवापाशी बसणं रोज तासाच्या वर जातंय. शाळा बुडतेय किंवा रोज सकाळी पोटात दुखतंय आणि डॉक्टरांना काही सापडत नाही. सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालंय. तेच भयाण स्वप्न वारंवार पडतंय. खेळातही सारखी दगडफेकच चाललीय. वजन उतरलंय. यातल्या दोन गोष्टी महिनाभर टिकून असतील तर सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात किंवा लहान मुलांच्या मानसोपचार तज्ज्ञांकडे न्या. मरणाबद्दल किंवा स्वतःला इजा करण्याबद्दल बोलली तर त्याच दिवशी. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर दिवसरात्र मोफत आणि मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आहे. उपचार म्हणजे गोळ्याच, असं समजू नका. अशा आवर्तनांवर पहिला उपचार बोलण्याचा आणि सरावाचा असतो, वर सांगितलेल्या पद्धतीचीच ती शिस्तशीर आवृत्ती.

कुणी 'बाहेरचं आहे' म्हणून मांत्रिकाकडे न्यायला सांगेल. दृष्ट काढायची असेल तर मीठ-मोहरी ओवाळून काढा, तिला ती माया वाटेल. पण मारणं, धुरी देणं, उपाशी ठेवणं असला प्रकार जिथं चालतो तिथं पाय ठेवू नका. २०१३ पासून महाराष्ट्रात तो गुन्हा आहे.

मिस्टर आणि सासूबाईंना एक गोष्ट दोघांना एकत्र बसवून सांगा. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या दोघी तिथल्या मुलांची पाळणाघरं चालवत होत्या. त्यांना दिसलं की बॉम्बपेक्षा आईपासून तुटणं मुलांना जास्त लागतं, आणि जवळचं मोठं माणूस शांत असेल तर मूल बरंच पेलतं. देवघरावरून त्या दोघांची रोज कानावर पडणारी कुरबूर तुमच्या मुलीला दगडफेकीइतकीच महाग पडतेय. तीन आठवडे तरी यावर तिच्यासमोर बोलणं बंद.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, तुळजापूरला न्यायचं की नाही. न्या, पण कोजागरीच्या गर्दीत नको. त्या वेळी सोलापूरहून चालत जाणाऱ्यांनी रस्ता भरलेला असतो, ढकलाढकली, शिट्ट्या, पोलिसांचा बंदोबस्त. तिच्यासाठी ती त्या रात्रीचीच आठवण होईल. मंगळवार, शुक्रवार, रविवार आणि पौर्णिमा टाळून साध्या वारी सकाळी एसटीनं जा. पायात चपला असू द्या. आदल्या दिवशी सगळं क्रमानं सांगून ठेवा: गाडी कुठं थांबेल, किती पायऱ्या उतरायच्या, रांगेत काय होईल, गर्दी वाटली तर कुणाचा हात धरून बाहेर यायचं. नवस तुमच्याकडे घेतलेला आहे, तेव्हा ओटी तुम्ही भरायची. तिच्या हातात फक्त फुलं द्या. आणि येताना मैत्रिणीसाठी बांगड्या घ्यायच्या का, हे तिनंच ठरवू दे.